दिवसा नोकरी, सकाळ-रात्र अंगावरचे दूध: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: माझे बाळ साडेपाच महिन्यांचे असून आतापर्यंत ते पूर्णपणे अंगावरच्या दुधावर वाढले आहे. तीन आठवड्यांनी मला कामावर रुजू व्हायचे आहे. जाण्यायेण्याचा वेळ धरून रोज दहा तास मी घराबाहेर असेन आणि कामाच्या ठिकाणी दूध काढून ठेवण्यासाठी ना पुरेसा वेळ मिळेल, ना आडोसा. दिवसा वरचे दूध द्यावे आणि सकाळी, संध्याकाळी व रात्री अंगावर पाजावे, असा माझा विचार आहे. परंतु असे अर्धेमुर्धे पाजल्याने दूध आटतेच, तेव्हा आत्ताच सोडवून टाक, असे घरातली काही माणसे सांगतात. तर दिवसभर छातीत साचून राहिलेले दूध नासते, ते संध्याकाळी पाजू नये, असे इतर काहींचे म्हणणे आहे. मी काय करावे?

उत्तर: तुमचा विचार योग्य आहे आणि तो नीट पार पाडता येतो. दोन्ही शंकांपैकी दुसरी आधी दूर करते, कारण तिच्यामुळे अनेक आया संध्याकाळचे पहिले दूध उगाच पिळून फेकून देतात. स्तनातले दूध भांड्यात ठेवलेल्या दुधासारखे नासत नाही. ते जिवंत ऊतींच्या सान्निध्यात असते, सतत नव्याने तयार होत असते आणि त्यात जंतूंना अटकाव करणारे घटक असतात. दहा तासांच्या अंतराने फरक पडतो तो केवळ स्निग्धांशात. स्तन भरलेला असताना बाळाला मिळणारे सुरुवातीचे दूध पातळ असते आणि स्तन जसजसा रिकामा होतो तसतसा दुधातला स्निग्धांश वाढत जातो. म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर बाळाला एका बाजूला मनसोक्त पिऊ द्यावे, घाईने दुसऱ्या बाजूला घेऊ नये. दूध पिळून टाकण्याचे काहीही कारण नाही.

आता पहिली शंका. बाळंतपणानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत दूध येते ते मुख्यतः संप्रेरकांच्या बळावर. पण काही आठवड्यांनंतर प्रत्येक स्तन आपापला हिशेब स्वतंत्रपणे ठेवू लागतो. भरलेल्या स्तनात दूध तयार होण्याचा वेग मंदावतो, रिकाम्या स्तनात तो वाढतो. ज्या वेळा नियमितपणे वगळल्या जातात त्या वेळांपुरती निर्मिती कमी होते, आणि ज्या वेळा नियमितपणे पाळल्या जातात त्या वेळांचे दूध पुढे कितीतरी महिने टिकू शकते. दूध आटते ते बहुधा अनियमितपणामुळे किंवा पाजण्याच्या वेळा फारच थोड्या उरल्यामुळे. दिवसाकाठी पहाटे किंवा सकाळी, कामावरून आल्या आल्या, झोपण्यापूर्वी आणि रात्री एकदा अशा चार वेळा तुम्ही सांभाळल्यात, तर अंगावरचे दूध चालू राहील अशी खात्री बाळगायला हरकत नाही. दूधनिर्मितीसाठी आवश्यक असणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण रात्री अधिक असते. त्यामुळे रात्रीचे आणि पहाटेचे पाजणे या व्यवस्थेचा मुख्य आधार आहे, ते शक्यतो सोडू नका.

मात्र रुजू होण्याच्या दिवशी अचानक सगळ्या दिवसा-वेळा बंद करणे हे शरीरावर अन्याय करणारे ठरेल. स्तन दगडासारखे टणक होतील, दुखतील, गाठी येतील. म्हणून आतापासूनच चार ते पाच दिवसांच्या अंतराने दिवसातली एकेक वेळ वगळत जा. सुरुवात भर दुपारच्या वेळेपासून करा आणि तिच्या मागची-पुढची वेळ नंतर सोडा. वगळलेल्या वेळी स्तन फारच ताणल्यासारखे वाटले, तर हाताने थोडेसे दूध काढा, पण फक्त बरे वाटण्यापुरते. पूर्ण रिकामे केल्यास शरीराला तेवढे दूध पुन्हा हवे आहे, असा संदेश जातो. सकाळच्या पाजण्यानंतर थोडे दूध काढून ठेवता आले, तर वगळलेल्या वेळी बाळाला तेच द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले 6 महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर पूरक आहारासह 2 वर्षांपर्यंत किंवा त्याही पुढे स्तनपान चालू ठेवावे. तुमचे बाळ तुम्ही रुजू होईपर्यंत 6 महिने ओलांडेल, म्हणजे दिवसाच्या दहा तासांतली काही भूक घट्टसर आहाराने भागू लागेल. सगळी पोकळी वरच्या दुधानेच भरायची आहे, असे समजू नका.

6 महिन्यांच्या आत वरचे दूध द्यावे लागलेच, तर ते शिशूंसाठी तयार केलेले पावडरचे दूधच असावे. पुढे कोणते दूध द्यायचे ते बाळाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून, ते 70 अंश सेल्सिअसच्या खाली उतरण्यापूर्वीच त्यात पावडर मिसळावी आणि मग दूध पिण्याइतके निववावे. डब्यावर दिलेले प्रमाण काटेकोरपणे पाळावे. काटकसरीसाठी ते पातळ करणे बाळाच्या पोषणाला मारक ठरते, आणि पचायला सोपे जावे म्हणून पातळ केल्यानेही तेच घडते. बाळाने उष्टे ठेवलेले दूध पुन्हा देऊ नये.

कामावरच्या पहिल्या दोन आठवड्यांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण बहुतेक जणी धीर सोडतात त्या याच काळात. दूध अवेळी पाझरेल. कोणाच्या बाळाचे रडणे कानावर आले तरी पान्हा फुटेल. अशा वेळी दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन काही क्षण दाबून धरल्यास पाझर थांबतो. आतून शोषक पॅड लावावेत आणि ते ओले होताच बदलावेत. दुपारच्या सुट्टीत पाच-सात मिनिटांचा एकांत मिळवून हाताने थोडे दूध काढता आले, तर ते साठवायची सोय नसली आणि फेकून द्यावे लागले, तरीही काढा. त्याने गाठी टळतात. एखादा भाग लाल, गरम व टणक झाला, तर तो जोराने चोळू नका. थंड पाण्याच्या घडीने आराम पडतो आणि बाळाला त्या बाजूने नेहमीप्रमाणे पाजत राहावे, कारण त्या दुधापासून बाळाला धोका नसतो. दिवसभरात उतार पडला नाही किंवा थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नका. स्तनपान करताना चालणारी औषधे उपलब्ध आहेत, फक्त आपण पाजत आहोत हे त्यांना आवर्जून सांगा.

सुटीच्या दिवशी काय करावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण हा प्रश्न पुढे येईलच. सुटीच्या दिवशी बाळ मागेल तेव्हा पाजायला हरकत नाही. त्यामुळे कामाच्या पहिल्या दिवशी स्तन थोडे जड वाटतील, पण दूध वाढते राहायला मदतच होईल.

आणि आडोशाबद्दल. तो नाही, असे तुम्ही लिहिले आहे, तरी तो मागून पाहिल्याशिवाय नाही असे ठरवू नका. कामाच्या वेळात बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास मिळावा, ही तरतूद आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1919 सालच्या मातृत्वविषयक करारात होती, आणि 2000 सालच्या करार क्रमांक 183 मध्ये तर हा वेळ कामाचाच वेळ धरून त्याचे वेतन द्यावे, असे म्हटले आहे. प्रत्येक देशाने हे करार स्वीकारलेले नसले, तरी तुमची मागणी जगाने शंभर वर्षांपूर्वीच रास्त मानलेली आहे, हे मनात ठेवून बोला. कडी लागणारी एक खोली, एक खुर्ची आणि वीस मिनिटे, एवढीच ही मागणी आहे. स्वच्छतागृह ही मात्र त्यासाठीची जागा नव्हे; जिथे आपण स्वतः जेवणार नाही तिथे बाळाचे अन्न काढायला कोणी सांगू नये.

प्रश्न: माझे बाळ चार महिन्यांचे आहे. मी कामावर दोनदा पंपाने दूध काढते, पण एका वेळी दोन्ही बाजूंचे मिळून 60 ते 70 मिलिलिटरच निघते. माझे दूध कमी पडते आहे का? बाळासाठी नऊ तासांचे किती दूध ठेवावे, ते किती वेळ टिकते, आणि गोठवलेल्या दुधाला साबणासारखा वास का येतो? शिवाय बाळ बाटली तोंडातही घेत नाही.

उत्तर: पंपातून निघालेल्या दुधावरून आपल्याला दूध किती येते याचा अंदाज बांधू नका. बाळ जितक्या कौशल्याने दूध ओढते तितके कोणत्याही यंत्राला जमत नाही आणि अनोळखी जागी, घड्याळाकडे लक्ष ठेवून, पान्हा सहज फुटत नाही. बाळाचे वजन योग्य रीतीने वाढत असेल आणि दिवसभरात ते पुरेशी लघवी करत असेल, तर दूध पुरते आहे, असेच समजावे. 1 ते 6 महिन्यांचे, केवळ अंगावर पिणारे बाळ 24 तासांत सरासरी 750 ते 800 मिलिलिटर दूध पिते. काही बाळे 500 च्या आसपास तर काही 1000 च्याही वर पितात आणि ती सगळी निरोगी असू शकतात. यावरून ताशी सुमारे 30 ते 35 मिलिलिटर असा ढोबळ हिशेब मांडला, तर नऊ तासांसाठी 300 मिलिलिटरच्या आसपास दूध पुरेसे व्हावे. विशेष म्हणजे या वयात बाळ मोठे होत गेले तरी अंगावरच्या दुधाची ही गरज फारशी वाढत नाही. म्हणून पावडरच्या दुधाच्या डब्यावरचे तक्ते पाहून स्वतःला कमी लेखू नका. दूध 60 ते 90 मिलिलिटरच्या लहान भागांमध्ये विभागून ठेवावे, म्हणजे उष्टे राहून वाया जाण्याचे प्रमाण घटते.

तुमच्या दोन वेळांचे मिळून 120 ते 140 मिलिलिटर होते. उरलेल्या दुधासाठी सकाळी बाळ प्यायल्यानंतर अर्ध्या-एक तासाने पंप लावून पाहा. त्या वेळी दूध सर्वांत जास्त असते. कामावर पंप लावण्याआधी दोन मिनिटे हलक्या हाताने मसाज करावा, पंप चालू असतानाही हाताने स्तन हळुवार दाबत राहावे, आणि बाळाचा फोटो पाहावा किंवा त्याचे कापड जवळ ठेवावे. हे केवळ भावनेपोटी सांगत नाही. पान्हा फुटण्यामागे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक असते आणि ते बाळाच्या दर्शनाने, आवाजाने, वासाने, नुसत्या आठवणीनेही स्रवते, तर घाईने आणि भीतीने अडते. पंपाच्या फनेलचे माप स्तनाग्राला साजेसे आहे ना, हेही तपासा. ते लहान वा मोठे असेल तर दुखते आणि दूधही कमी निघते. दोन मोठ्या वेळांऐवजी तीन छोट्या वेळा जमल्या, तर एकूण दूध बहुधा वाढते.

टिकण्याविषयी: ताजे काढलेले दूध 25 अंशांपर्यंतच्या तापमानाला 4 तास राहते. त्याहून उकाडा असेल तर ते लगेच थंड जागी ठेवणे बरे. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड पेटीत 24 तास, फ्रिजमध्ये सुमारे 4 अंशांना 4 दिवस आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये 6 महिन्यांपर्यंत ते उत्तम राहते. फ्रिजमध्ये ते दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावे आणि प्रत्येक डबीवर तारीख घालावी. ताजे, कोमट दूध आधीच्या थंड दुधात थेट ओतू नये, वेगळे थंड करून मग मिसळावे. गोठलेले दूध फ्रिजमध्ये वितळवल्यास ते पूर्ण वितळल्यापासून 24 तासांत वापरावे आणि पुन्हा गोठवू नये. कोमट करण्यासाठी बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी. मायक्रोवेव्हमध्ये दूध असमान तापते आणि बाळाचे तोंड भाजू शकते. ठेवलेल्या दुधावर साय जमून थर वेगळे झालेले दिसतात, ते खराब झाल्याचे लक्षण नाही. बाटली हलकेच गोल फिरवली की ते एकजीव होते.

साबणासारखा वास येतो तो दुधातल्या लायपेज या पाचक घटकामुळे. काही स्त्रियांच्या दुधात त्याचा परिणाम जास्त जाणवतो आणि तो साठवणीत स्निग्धांशाचे विघटन करत राहतो. असे दूध बाळाला अपायकारक नसते. बाळ ते नाकारत असेल, तर पुढच्या वेळी गोठवण्यापूर्वीच ते कडेने बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवावे, उकळू देऊ नये, आणि लगेच थंड करून ठेवावे.

बाटलीची सक्ती करू नका. चार महिन्यांचे बाळ लहान वाटीने किंवा चमच्यानेही पिऊ शकते; सांभाळणाऱ्या व्यक्तीला फक्त सवय व्हावी लागते. बाटलीच द्यायची असेल तर ती तुम्ही न देता दुसऱ्या कोणी द्यावी आणि तुम्ही त्या वेळी दुसऱ्या खोलीत, जमल्यास घराबाहेर असावे, कारण आईचा वास येत असताना बाळ दुसरे काही का स्वीकारील? बाळ फार भुकेजून रडू लागण्याआधीच प्रयत्न करावा. त्याला बरेचसे उभे धरावे, बाटली जवळजवळ आडवी ठेवावी, मध्ये मध्ये थांबावे आणि पाजायला पंधरा-वीस मिनिटे लागू द्यावीत. धो-धो येणाऱ्या बाटलीची सवय झालेले बाळ नंतर अंगावर कंटाळते, म्हणून हा सावकाशपणा फार मोलाचा आहे. तुम्ही परतण्याच्या तासभर आधी बाळाला पोटभर पाजू नये, असे सांभाळणाऱ्या व्यक्तीला सांगून ठेवा. तुम्ही घरात पाऊल टाकाल तेव्हा बाळ भुकेले असायला हवे.

प्रश्न: नऊ महिन्यांचे माझे बाळ पाळणाघरात दिवसा थोडेसेच खाते-पिते आणि रात्री मात्र चार-पाच वेळा उठून अंगावर पिते. मी कामावर जायला लागल्यापासून हे सुरू झाले. झोप न मिळाल्याने मी थकून गेले आहे. आता दूध तोडावे का?

उत्तर: बाळ दिवसाचा विरह रात्री भरून काढते आहे. आई कामावर जाऊ लागली की अनेक बाळांचे चक्र असे उलटे फिरते. हा हट्ट नव्हे, ही वाईट सवयही नव्हे. वजन नीट वाढत असेल तर दिवसा कमी घेतल्याची काळजी नको. परंतु तुमचा थकवाही खरा आहे आणि त्यावर उपाय व्हायला हवा.

रात्रीचे पाजणे पूर्ण बंद करण्यापेक्षा पाजण्याचा भार रात्रीकडून संध्याकाळ-सकाळकडे सरकवून पाहा. घरी येताच, बाकी कोणत्याही कामाला हात लावण्यापूर्वी, बाळाला घेऊन निवांत बसा आणि पाजा. झोपताना एकदा आणि तुम्ही स्वतः अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी, बाळ अर्धवट झोपेत असतानाच, पुन्हा एकदा पाजा. सकाळी निघण्याच्या पंधरा मिनिटे आधीही पाजा. पाळणाघरातला आहार घट्ट आणि पौष्टिक असेल याकडे लक्ष द्या. पातळ पेज किंवा सूप यांनी पोट भरल्यासारखे होते, पण भूक टिकून राहते. एवढे केल्यावर रात्रीच्या एका उठण्याला बाळाच्या वडिलांनी किंवा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने थोपटून, कडेवर घेऊन शांत करावे. काही दिवस रडारड होईल, मग त्या वेळेची जाग बहुधा कमी होते. एक वेळ कमी झाली की दुसरीकडे वळावे. कुशीवर झोपून पाजत असाल तर गादी घट्ट असावी, बाळाच्या तोंडाजवळ उशी किंवा पांघरूण नसावे. सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून पाजताना डोळा लागू देऊ नये, ते अंथरुणापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे.

हे सगळे करूनही तुम्हाला दूध तोडावेसे वाटले, तर तो निर्णय सर्वस्वी तुमचा आहे आणि नऊ महिने पाजलेल्या आईने तो अपराधी भावनेने घेऊ नये. पण संपूर्ण तोडणे आणि पूर्वीसारखे पाजणे यांच्या मध्ये बरीच जागा आहे. केवळ पहाटेचे आणि झोपतानाचे असे दोन वेळा पाजणाऱ्या आया कित्येक महिने तसे पाजतात. त्यातून बाळाला मिळणारी रोगप्रतिकारक द्रव्ये, विशेषतः पाळणाघरात सर्दी-खोकल्यांची साथ असताना, मोलाची असतात.

प्रश्न: बाळ सात महिन्यांचे आहे, मी अजून अंगावर पाजते आणि पाळीही परत आलेली नाही. तेव्हा लगेच दिवस राहणार नाहीत ना?

उत्तर: असे गृहीत धरू नका. स्तनपानामुळे गर्भधारणेपासून मिळणारे संरक्षण तीन अटी एकाच वेळी पूर्ण होत असतील तरच भरवशाचे असते: बाळ 6 महिन्यांपेक्षा लहान असणे, पाळी परत आलेली नसणे, आणि बाळ दिवसरात्र पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरच असून दोन पाजण्यांत फार मोठे अंतर नसणे. इटलीतील बेलाजिओ येथे 1988 साली भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत हे निकष मान्य झाले आणि ते पाळले तर संरक्षण 98 टक्क्यांहून अधिक असते. तुमच्या बाबतीत बाळाच्या वयाची अट आधीच मोडली आहे. शिवाय कामावर जाणाऱ्या आईच्या दोन पाजण्यांत दिवसा आठ-दहा तासांचे अंतर पडतेच, त्यामुळे बाळ 6 महिन्यांच्या आतले असले तरी तिने या संरक्षणावर विसंबू नये. पहिली पाळी येण्याआधीच बीजकोशातून बीज बाहेर पडू शकते, म्हणजे पाळी दिसण्यापूर्वीच गर्भ राहू शकतो. निरोध, तांबी किंवा केवळ प्रोजेस्टेरॉन असलेल्या गोळ्या यांचा दुधावर परिणाम होत नाही. इस्ट्रोजेनयुक्त मिश्र गोळ्यांनी मात्र दूध कमी होऊ शकते. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटाल तेव्हा दिवसातून किती वेळा पाजता, हे त्यांना सांगा, म्हणजे त्या तुम्हाला योग्य साधन सुचवू शकतील.